फिल्मचा ताणा

(दृश्य : सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. जॅकार्ड मागावरून चादर उतरतेय.)

ताण्याचा एक धागा तुटला आणि माग तसाच चालू राहिला, तर चादरीत उभी रेघ पडते. ती पुढे लांबतच जाते. स्फटिकाच्या पातळ फिल्मचंही, म्हणजे एका स्फटिकावर चढवलेल्या दुसऱ्या स्फटिकाच्या पातळ थराचंही, तसंच. तिचा ताणा म्हणजे खालचा ऑक्साइडचा तुकडा, सबस्ट्रेट.

(दृश्य : चिमट्यात पाच मिलिमीटरचा पारदर्शक चौकोन.)

हा स्ट्रॉन्शियम टायटनेट. दिसायला आरशासारखा सपाट. पण कापताना 0.1 अंशाचा कल राहिला तरी पृष्ठभागावर पायऱ्या पडतात : उंची 0.39 नॅनोमीटर, रुंदी सुमारे 220. त्यात वरचा थर कुठे स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा, कुठे टायटॅनियम ऑक्साइडचा. अशा मिश्र पृष्ठभागावर फिल्मचे शेजारचे भाग अर्ध्या पायरीने वरखाली बसतात आणि सांध्यातला दोष फिल्मबरोबर वर चढत जातो.

म्हणून स्ट्रॉन्शियमचा थर काढायचा. आधी ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन्ही अल्ट्रासोनिक बाथमध्ये. सोलापूरच्या उन्हाळ्यात ॲसिटोन बघता बघता उडतं आणि डाग ठेवतं. तुकडा ओला असतानाच पुढच्या भांड्यात टाका. बोअरचं क्षारयुक्त पाणी तर लावूच नका. डीआयोनाइज्ड पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की वरच्या स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचं हायड्रॉक्साइड होतं. मग बफर्ड हायड्रोफ्लोरिक आम्लात तीस सेकंद. भांडं टेफ्लॉनचं, काच हे आम्ल खातं. या आम्लाने भाजल्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर बाटली उघडायचीच नाही. आम्लातला वेळ लांबला की पृष्ठभागावर खड्डे पडतात.

शेवटी ऑक्सिजनमध्ये 950 अंश सेल्सिअसला तासभर भाजणं. पायऱ्यांच्या कडा सरळ होतात. जास्त वेळ, जास्त तापमान दिलं तर आतलं स्ट्रॉन्शियम पुन्हा वर येतं, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात.

(दृश्य : अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर समांतर पट्टे.)

पायरी 0.39 ची दिसली तर ठीक. मध्येच 0.2 ची दिसली की थर अजून मिश्र आहे, असं धरून चाला.

एवढा खटाटोप कशाला? या स्फटिकातल्या अणूंची घडी, म्हणजे रचना पुन्हा येण्याचं अंतर, 0.3905 नॅनोमीटरची, वर चढवायच्या लँथनम ॲल्युमिनेटची 0.379. वरची फिल्म तीन टक्के ताणून खालच्याशी जुळवून घेते. जाडी वाढली की ताण सुटतो, दोष पडतात. हे सगळ्याच फिल्मचं. नवल पुढे आहे. दोन्ही पदार्थ विद्युतरोधक. तरी टायटॅनियमच्या थरावर फिल्म चढवली की सांध्यातून वीज वाहते, हे ओहतोमो आणि ह्वांग या भौतिकशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये दाखवलं. मध्ये स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा एक थर घातला, की वीज बंद.