आधी रक्त, मग गोळी

सकाळचे पावणेआठ. लॅबबाहेरच्या बाकावर काका बसलेत, शर्टाच्या खिशात टॅक्रोलिमसची कॅप्सूल (बसवलेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध), आणि ती अजून घ्यायची नाहीये. औषधाची रक्तातली लेव्हल बघायची असते रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी, चुकून घरूनच गोळी घेऊन आलं तर आकडा भलताच चढा येतो, मग डोस उगाच कमी होतो आणि सगळीच पंचाईत.

ट्रान्सप्लांटला तीन महिने झाले, किडनी काकूंची. पोटात खाली उजवीकडे बसवलीय, वरून दाबलं तर हाताला लागते. (जुन्या दोन्ही आत तशाच आहेत, काढत नाहीत सहसा.) पण शरीराला बायकोबियको काही कळत नाही, परकं ते परकंच. १९५४ मध्ये बोस्टनला पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट झालं ते एकसारख्या जुळ्या भावांचं, म्हणून तिथे आपलं-परकं हे भांडण झालंच नाही.

काकांचं क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनीचं काम मंदावलं की वाढतो) १.२ होतं, परवा १.५ आलं. ताप नाही, दुखत नाही, लघवी व्यवस्थित, काका म्हणतात मला काय झालंय! रिजेक्शनचं, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचं, हेच वाईट, सुरुवातीला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही आणि क्रिएटिनिन वाढेपर्यंत आत मारामारी सुरू होऊन गेलेली असते.

बरं, वाढलं म्हणजे रिजेक्शनच असंही नाही. जुलाबाने पाणी कमी पडलं असेल, टॅक्रोलिमस जास्त झालं असेल, नाहीतर बीके व्हायरस, प्रतिकारशक्ती दबली की किडनीत डोकं वर काढणारा. आणि गंमत बघा, रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, बीके असेल तर उलट गोळ्या कमी करायच्या. अंदाजाने औषध दिलं तर किडनीच जायची. म्हणून बायोप्सी. जागा बधिर करतात, सोनोग्राफीत बघत सुई आत, खट् असा आवाज, आणि शेवयाच्या तुकड्याएवढं काहीतरी बाटलीत पडतं. मग काही तास उताणं पडून राहायचं, लघवीत रक्त येतंय का बघत. रिजेक्शन निघालं तर बहुतेकदा आधी तीन दिवस सलाईनमधून स्टिरॉईड.

काकांचं रक्त घेऊन झालं. कापूस दाबत दाबतच त्यांनी कॅप्सूल गिळली, काकूंनी बाटली पुढे केली आणि वहीत वेळ लिहिली, ८.१०. त्याच पानावर वजन, बीपी, ताप, किती लघवी झाली, सगळं रोजचं.

दुपारी रिपोर्ट. १.६.

बायोप्सी उद्या.