५४ टक्के मतं आणि विरोधी बाक

श्रोतेहो, नमस्कार.

३ मार्च १९६२. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात विधानसभेचं मतदान झालं. लेबर, म्हणजे मजूर पक्षाला पहिल्या पसंतीची जवळपास ५४ टक्के मतं पडली. सत्ताधारी लिबरल अँड कंट्री लीगला ३५ टक्केही नाहीत. आता सांगा, सरकार कोणाचं आलं? लीगचंच! १९३८ पासून मुख्यमंत्री असलेले टॉम प्लेफोर्ड खुर्चीवरून हललेसुद्धा नाहीत.

मतपेट्या पळवल्या नव्हत्या, बोगस मतदान नव्हतं. गोम होती १९३६ च्या कायद्यात. सभागृहात जागा ३९. त्यातल्या २६ ग्रामीण भागाला आणि राजधानी ॲडलेडला फक्त १३. माणसं मात्र निम्म्याहून जास्त ॲडलेडमध्येच. शहरातल्या एकेका मतदारसंघात कामगारांच्या मतांचा ढीग लागायचा, पण तो कितीही उंच गेला तरी जागा एकच. पुढे १९६८ मध्ये फ्रोम या ग्रामीण मतदारसंघात सुमारे साडेचार हजार वैध मतं मोजली गेली आणि शहरातल्या एनफिल्डमध्ये सुमारे ४२ हजार! बायकांना निवडणूक लढवायचा हक्क १८९४ मध्येच देणारं हेच ते राज्य, बरं का.

तर १९६२ चा हिशेब असा: लेबर १९, लीग १८, अपक्ष २. टॉम स्टॉट आणि पर्सी क्वर्क हे दोन्ही अपक्ष प्लेफोर्डांच्या पाठीशी राहिले. स्टॉट सभापती झाले.

प्लेफोर्ड हे मूळचे फळबागवाले. पक्ष उजवा, तरी १९४६ मध्ये त्यांनी खासगी वीज कंपनी सरकारच्या ताब्यात घेतली. कारखाने आणले, ॲडलेडच्या उत्तरेला एलिझाबेथ हे नवं शहर वसवलं. मला गंमत वाटते ती इथे: विरोधकांचे मतदार त्यांनी स्वतःच गोळा करून आणले! शहराची वस्ती पसरत ग्रामीण मतदारसंघांत शिरली. १९६५ मध्ये बरोसा आणि ग्लेनेल्ग या जागा लीगच्या हातून गेल्या आणि लेबरचे फ्रँक वॉल्श मुख्यमंत्री झाले.

तरी कायदा तोच राहिला. १९६८ मध्ये लेबरला ५२ टक्के मतं, दोन्ही पक्षांना १९-१९ जागा, आणि उरलेले एकटे अपक्ष पुन्हा स्टॉटच! त्यांनी लीगला कौल दिला. आता मात्र लोक संतापले. लीगचेच नवे मुख्यमंत्री स्टील हॉल यांनी मग सभागृह ४७ जागांचं केलं, शहराला २८ जागा दिल्या. १९७० मध्ये निवडणूक झाली आणि हॉल हरले.