निंबाखालची कचेरी

श्रोतेहो, नमस्कार. कार्यालयाची इमारत कशी असावी, यावर आज बोलायचं आहे. पण आधी आमच्या कचेरीचं ऐका.

वर्ध्याकडच्या एका तालुक्याच्या गावी मी बाबू होतो. जुनी कचेरी कवेलूची, दोन हात जाड मातीच्या भिंतींची. ती पाडून सिमेंटची नवी बांधली, दर्शनी बाजूला आख्खी काच. आणि दर्शनी बाजू पश्चिमेची! जानेवारीत उद्घाटन झालं, सगळे खूश. एप्रिलात तीन वाजताचं ऊन थेट टेबलावर. कूलर लावले, पण काच उघडायची नाही, मग हवा बाहेर जाणार कुठून? नुसता दमटपणा. कागद चिकटायचे, डोकी दुखायची, माणसं एकमेकांवर खेकसायची.

एके दिवशी आमच्या चपराशी काकाजींनी माझं टेबल उचलून बाहेर निंबाखाली मांडलं. म्हटलं, "काकाजी, हे काय?"

"आतमंधी भट्टी हाय जी बाबूसाहेब. दाखला घ्याले आलेला मानूस काहून भाजावा?"

आठवड्यात चार टेबलं बाहेर आली. लोक सावलीत बसायचे, माठातलं पाणी प्यायचे, काम होऊन जायचे. माठ काढून प्लास्टिकचे जार ठेवणाऱ्या कचेऱ्यांचा मला आजही राग येतो.

शेवटी साहेबही बाहेर येऊन बसले. पावसाळ्याआधी त्यांनी काच काढून खिडक्या बसवल्या, समोरासमोर. पश्चिमेला बांबूच्या तट्ट्यांची पडवी केली, गच्चीला चुना दिला. पुढच्या उन्हाळ्यात टेबलं आत राहिली. काकाजींचा स्टूल मात्र निंबाखालीच.

दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, छज्जा त्याला अडवत नाही. झाड अडवतं, पडवी अडवते. पुन्हा सांगतो, झाड आणि पडवी. ऊन बाहेरच अडलं की वीजही कमी लागते.

दुसरं, सिमेंट. चुनखडी भाजताना त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, वर भट्टीचा कोळसा. जगभरातून जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सुटतो, त्यात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. म्हणून धडधाकट जुनी इमारत पाडू नका, दुरुस्त करा. पाडू नका, दुरुस्त करा. आमची जुनी कचेरी पाडली, त्याची हळहळ मला अजून आहे.

सेवाग्रामला गेलात तर बापूकुटीत भर दुपारी पाच मिनिटं बसा. माती, बांबू, कवेलू, सगळं आसपासचं. आणि तुमच्या ग्रामपंचायतीचा नवा नकाशा आला असेल, तर उद्याच विचारा: तीन वाजता ऊन कुठं पडणार? आणि आवारातला निंब राहणार की नाही?

नमस्कार.