नफा वहीत, पैसा वाटेत

मित्रहो, 'खेळते भांडवल' हे शब्द आपण बँकेच्या अर्जावर नेहमी लिहितो, पण त्यातील 'खेळते' या विशेषणाकडे क्वचितच लक्ष देतो. घरात हवा खेळती असावी असे आपण म्हणतो, तेव्हा ती आत येऊन बाहेर जात राहावी असा अर्थ असतो. धंद्यातील पैशाचेही तसेच आहे. ज्या पैशाने सूत येते, सुताचे कापड होते, कापडाची उधारी होते आणि उधारी वसूल झाली की पुन्हा सूत येते, तो पैसा खेळता. माग आणि शेड यांत गुंतलेला तो स्थिर.

इचलकरंजीतील एखाद्या यंत्रमागधारकाचा हिशेब धरू. समजा, महिन्याला सुतावर ६ लाख आणि मजुरी व विजेवर २ लाख खर्च करून तो ९ लाखांचे कापड ९० दिवसांच्या उधारीवर विकतो. पहिले पैसे हाती येईपर्यंत त्याचे २४ लाख रुपये बाहेर गेलेले असतात. वहीत तीन महिन्यांचा मिळून ३ लाखांचा नफा दिसतो, कारण नफा विक्रीच्या दिवशीच लिहिला जातो. गल्ल्यात मात्र त्यातला एक रुपयाही आलेला नसतो. नफ्यातला धंदाही असा बंद पडू शकतो, हे मला आज सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे.

हे २४ लाख त्याने वार्षिक १२ टक्क्यांच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत हवे तेव्हा उचलता येणाऱ्या बँकेच्या कर्जावर, उचलले, तर प्रत्येक महिन्याच्या मालामागे २४,००० रुपये व्याज जाते आणि लाखाचा नफा ७६,००० वर येतो. उधारी बिनव्याजी दिसते खरी, पण तिचे व्याज विकणाराच भरत असतो. मुदती हुंडी, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे देण्याचा खरेदीदाराने स्वीकारलेला लेखी कागद, मुदतीआधी बँकेत वटवली, तर बँक जी रक्कम कापून घेते तो वटाव. तीही त्याच काळाची किंमत.

रोख कसर, म्हणजे लवकर पैसे देणाऱ्याला मिळणारी सूट, याच्या उलट बाजूची. '३० दिवसांत पूर्ण रक्कम, १० दिवसांत दिल्यास २ टक्के कसर' ही अट किरकोळ वाटते. पण ही कसर सोडणारा २० दिवसांसाठी २ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ३७ टक्के मोजत असतो.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदत उलटलेली रक्कम खरेदीदाराला प्राप्तिकरात, ती ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी, खर्च म्हणून दाखवता येते. म्हणून आपला उद्यम नोंदणी क्रमांक (अशा लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) प्रत्येक बिलावर ठळक छापावा; समोरच्या हिशेबनिसाला ही मुदत आपल्या बिलाला लागू आहे, हे त्यावरून लगेच कळते.