होमेनेत्मेन : बैरूतच्या आर्मेनियन वस्तीतला क्लब

मित्रहो, लेबनॉनच्या फुटबॉलमध्ये पहिला प्रश्न असतो, हा क्लब कोणाचा? म्हणजे मालक कोण असं नव्हे, जमात कोणती. त्या देशात अठरा धर्मपंथांना अधिकृत मान्यता आहे, संसदेच्या १२८ जागाही पंथवार वाटलेल्या आहेत, आणि मैदान त्यातून सुटलेलं नाही. अन्सारच्या मागे मुख्यतः सुन्नी, सफाच्या मागे द्रुझ हा इस्लाममधून निघालेला छोटा पंथ, अल अहदचं नाव हिजबुल्लाशी जोडलेलं, रेसिंग आणि हिकमा ख्रिस्ती वस्त्यांचे. मी आज बोलणार आहे ते आर्मेनियनांच्या होमेनेत्मेनबद्दल. बाकीच्यांना आधी गाव होतं, मग क्लब झाला. यांचं गावच उरलं नव्हतं.

सुरुवात इस्तंबूलची आहे. शवार्श क्रिसियान नावाच्या तरुणाने १९११ साली तिथे ‘मार्मनामार्झ’ हे व्यायाम आणि खेळांना वाहिलेलं आर्मेनियन नियतकालिक काढलं. शरीर कमावल्याशिवाय समाज ताठ उभा राहणार नाही, ही त्यामागची तळमळ. आपल्याकडच्या तालमींमधूनही त्या काळात हेच बोललं जात होतं, तेव्हा तुम्हाला ती वेगळी समजवायला नको. २४ एप्रिल १९१५ रोजी ऑटोमन तुर्की सरकारने इस्तंबूलमधल्या आर्मेनियन लेखक, संपादक, पुढाऱ्यांची धरपकड सुरू केली. क्रिसियान त्यात सापडला आणि मारला गेला. मग साऱ्या समाजावर हद्दपारी आणि कत्तल कोसळली. महायुद्ध संपताच, १९१८ साली, त्याच शहरात होमेनेत्मेन या आर्मेनियन क्रीडासंघटनेची स्थापना झाली. ज्यांचे निम्मे आप्त नाहीसे झाले होते, त्यांनी पहिल्या काही कामांत मुलांच्या खेळाची संघटना उभारली, हे मला फार मोठं वाटतं.

बैरूतची शाखा १९२४ ची. तेव्हा बंदराजवळच्या करन्तिना भागात निर्वासितांच्या झोपड्या होत्या. तुर्कस्तानशी झालेल्या १९२३ च्या लोझानच्या तहानंतर त्यांना लेबनॉनचं नागरिकत्व मिळालं. पुढे नदीपलीकडच्या दलदलीच्या जमिनीवर बुर्ज हमूद वसलं आणि लोकांनी तिथल्या मोहल्ल्यांना हरवलेल्या गावांचीच नावं दिली : मराश, सिस, अदाना. किलिकियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण भागातून आलेल्या पुष्कळ कुटुंबांत घरी तुर्की बोलत. मुलांना आर्मेनियन शिकवायचं काम शाळेने केलं, चर्चने केलं आणि क्लबनेही केलं. होमेनेत्मेनमध्ये नुसता फुटबॉल नव्हता. स्काउट पथक होतं, बँड होता, धावणं-उड्या होत्या. ‘स्वतः उंच हो, दुसऱ्यालाही उंच कर’ हे ब्रीद. अनाथाश्रमात वाढलेल्या पोराला गणवेश मिळतो, रांगेत जागा मिळते, हाक मारायला नाव घेणारं कोणीतरी मिळतं. संघ पुढे कसा जिंकला, याचं अर्धं उत्तर मला तिथेच दिसतं.

आणि काय जिंकला! १९४३ च्या नोव्हेंबरात लेबनॉन स्वतंत्र झाला आणि १९४४ साली लीगचं विजेतेपद होमेनेत्मेनकडे गेलं. बैरूत शाखेला तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. छावणीत जन्मलेली पिढी नुकती मैदानात उतरली होती. मग ४६, ४८, ५१, ५५, ६३ आणि ६९. एकूण सात विजेतेपदं. शिवाय दुसरा आर्मेनियन क्लब होमेनमेन, त्याची चार. एवढ्याशा समाजाकडे पाव शतकात अकरा विजेतेपदं आली!

पण समाज एकजिनसी होता असं समजू नका. आर्मेनियनांचे दोन राजकीय पक्ष होते, दाश्नाक आणि हुन्चाक. होमेनेत्मेन दाश्नाक पक्षाच्या जवळचा, होमेनमेन हुन्चाकांच्या. लेबनॉनमधल्या १९५८ च्या यादवीत या दोन पक्षांच्या माणसांनी बैरूतच्या आर्मेनियन वस्त्यांत एकमेकांवर बंदुका चालवल्या. घाव मैदानापलीकडचा होता आणि तो लवकर भरला नाही. क्लबचं कौतुक करणाऱ्याने ही बाजू झाकू नये.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती १९७० ची तेहरानची स्पर्धा. आशियाई विजेत्या क्लबांची ती स्पर्धा, आपल्याकडून पश्चिम बंगालचा संघ गेला होता. लेबनॉनतर्फे होमेनेत्मेन. उपांत्य फेरीत समोर आला इस्रायलचा हापोएल तेल अवीव, आणि होमेनेत्मेन खेळायला उतरला नाही. अंतिम सामना हातचा गेला. मग इंडोनेशियाच्या पीएसएमएस मेदानला १-० हरवून तिसरा क्रमांक घेतला. त्या नकाराचा आर्मेनियन इतिहासाशी काही संबंध नव्हता. इस्रायलशी न खेळण्याची भूमिका लेबनॉनची होती आणि ती पाळणाऱ्यांचे आईबाप पन्नास वर्षांपूर्वी निर्वासित म्हणून त्या किनाऱ्याला लागले होते. खेळात राजकारण आणू नये, असं कुणी म्हणेल. त्यांच्यापुढे तो पर्याय होता असं मला वाटत नाही.

१९७५ मध्ये यादवी पेटली. आर्मेनियन पक्षांनी बहुतांशी तटस्थ राहायचं ठरवलं, तरी बॉम्ब वस्ती पाहून पडत नाहीत. लीग बंद पडली ती १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत. हजारो कुटुंबं कॅलिफोर्नियाला, कॅनडाला, फ्रान्सला गेली आणि फुटबॉलचा कणा गेला. पुन्हा लीग सुरू झाली तेव्हा अन्सारने सलग अकरा वेळा ती जिंकली, आणि होमेनेत्मेनचा संघ पुढे खालच्या श्रेणीत घसरला.

यावरून कुणी क्लब संपला म्हटलं की मी वाद घालतो. २०१८ मध्ये लेबनॉनची बास्केटबॉल लीग होमेनेत्मेननेच जिंकली. लॉस एंजेलिसच्या आर्मेनियन वस्त्यांत त्याच्या शाखा आहेत आणि तिथेही शनिवार-रविवारी स्काउटची मुलं आर्मेनियन भाषेतल्या आज्ञांवर कवायत करतात.