कंप्रेसरला डिपस्टिक नसते

हे बघा, गाडीच्या एसीचा कंप्रेसर बदलायचाय, काढलेला जुना उलटा धरलाय, खाली मापाचा ग्लास, आणि पुढचा हब हाताने फिरवला की तेल थेंब थेंब गळतंय. घाई नको, आत बरंच चिकटून राहतं.

इंजिनला डिपस्टिक असते, ओढली पुसली बघितली झालं. एसीच्या कंप्रेसरला बहुतेक गाड्यांत तसलं काहीच नाही. त्यात तेल एका जागी बसत पण नाही, गॅसबरोबर फिरत असतं, थोडं कंडेन्सरमध्ये, थोडं कूलिंग कॉइलमध्ये, थोडं ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमध्ये. म्हणून हिशोब उलटा करायचा, जेवढं बाहेर आलं तेवढंच परत आत. गॅस आधीच मशीनने हळूहळू काढून घेतलाय हं, लाइन तशीच खोलली असती तर गॅससोबत तेल पण उडालं असतं आणि सगळा हिशोब बोंबलला असता.

ग्लासात आलं 60 मिली. नवा कंप्रेसर कधीकधी अख्ख्या सिस्टीमचं तेल पोटात घेऊनच येतो, समजा 120. तो तसाच बसवला तर पाइपांतलं जुनं अधिक हे, म्हणजे 60 मिली जास्तीचं. जास्त तेल म्हणजे जास्त कूलिंग असं बऱ्याच जणांना वाटतं, होतं नेमकं उलटं, कॉइलच्या नळ्यांना आतून तेलाचा थर बसतो, गारवा कमी आणि प्रेशर वर.

आता थेंब बोटावर घ्या. चांगलं तेल पाण्यासारखं किंवा हलकं पिवळसर दिसतं, हिरवं चमकलं तर घाबरू नका, लीक शोधायला कुणीतरी डाय, म्हणजे चमकणारा रंग, टाकलाय. चंदेरी कण दिसले तर आतून झीज सुरू आहे. आणि काळं आलं तर नुसता कंप्रेसर बदलून भागत नाही, ती घाण कंडेन्सरच्या बारीक नळ्यांत पण जाऊन बसलेली असते, नवा कंप्रेसर पण तीच खाणार.

एसीतल्या आर 134ए गॅसला साधारण पॅग नावाचं सिंथेटिक तेल लागतं, त्यात 46, 100, 150 असे घट्टपणाचे नंबर, आपला कुठला ते स्टिकरवर बघायचं, अंदाजाने नाही. पॅग हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे उघडा राहिलेला अर्धा डबा मी तरी वापरणार नाही. हायब्रिड-इलेक्ट्रिकमध्ये मोटर कंप्रेसरच्या आतच असते, तेलात भिजलेली, साध्या पॅगमधून करंट लीक होतो म्हणून तिथे बहुतेक वेळा पीओई नावाचं वेगळं तेल.

नव्यातलं जास्तीचं 60 ओतून टाकलं. तोंडावरचे प्लग मात्र परत लावून ठेवलेत, ते लाइन जोडतानाच काढायचे.