बाहेर उभ्या असलेल्यांशी कोण बोलतं?

नमस्कार. आजचा विषय आहे कॅज्युअल्टीतल्या, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातल्या, कर्मचाऱ्यांवर होणारे हल्ले. कायद्याबद्दल बोलेन असं मी कबूल केलंय, आणि बोलणारच आहे. पण आधी सांगा, आपल्या माणसासाठी रात्री कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर कोण कोण उभं राहिलंय? बघा, जवळजवळ सगळेच. आता आत काय चाललंय ते कुणी आपणहून बाहेर येऊन सांगितलं असेल, तर हात वर ठेवा. तीन. मागच्या आजी, तुमचाही हात वर आहे, तुम्हाला सांगितलं होतं की पंखा हवाय? लावा रे पंखा.

चौदा वर्षं मी कॅज्युअल्टीची इन्चार्ज सिस्टर होते. २०१६ चा पावसाळा नुकता लागला होता. पहाटे तीनला जीपमधून नऊ वर्षांचा मुलगा आणला. जमिनीवर झोपलेला, पोटात दुखतंय म्हणून उठला, मग पापण्या उघडेनात. मण्यार. ती चावली की सूज नाही, रक्त नाही, कधीकधी दाताची खूणही सापडत नाही. घरच्यांना वाटत होतं, पोराला झोप आवरत नाहीये. आम्हाला दिसत होतं की त्याचा श्वास बंद पडतोय.

एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय. नळी घातली, सर्पदंशाचं इंजेक्शन सुरू केलं. बाहेर पंधरा माणसं आणि त्यांच्याशी बोलायला कुणी नाही. दाराच्या फटीतून चुलत्याला दिसलं ते एवढंच, की झोपलेल्या पोराच्या घशात नळी खुपसतायत. तो आत आला आणि अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबणाऱ्या सिस्टरच्या कानाखाली मारली. नोकरीला दोन महिने झालेली पोर. तिने बॅग सोडली नाही. ती दाबतच राहिली.

मी त्याला म्हटलं, "दादा, तुमच्या पोराचा श्वास तिच्या हातात आहे." तो मटकन खाली बसला. पोरगा आठव्या दिवशी चालत घरी गेला.

पण त्या मुलीला ऑफिसात सांगितलं गेलं, मिटवून घे, पोरगं वाचलं ना? तिने कॅज्युअल्टी सोडली. ती चांगली नर्स होती हो. हे मला आजही सहन होत नाही. चुलत्याला घाबरवलं ते आमच्या गप्प राहण्याने, हे मी मानते. पण तेवढ्यासाठी हात उचलणं माफ होत नाही.

म्हणून माझा हट्ट एकच: प्रत्येक पाळीत एक माणूस फक्त नातेवाईकांशी बोलायला. दर पंधरा मिनिटांनी बाहेर यायचं. डोकं फुटून ओरडणाऱ्याला थांबवून छातीत दुखणाऱ्या, घामाघूम झालेल्या गप्प माणसाला आधी का घेतलं, हे सांगायचं. ओरडणारा निदान श्वास घेत असतो, हे लोकांना समजावलं तर समजतं. सिक्युरिटी गार्डचं हे काम नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. कायदा भराभर सांगते. महाराष्ट्राचा कायदा २०१० चा. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, मोडतोडीची दुप्पट भरपाई. तरी २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला इतकं मारलं की डोळ्याला गंभीर इजा झाली, आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून दूर राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये, कोलकात्याच्या रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाल्यानंतर, केंद्राने सांगितलं की हल्ला झाला तर सहा तासांत संस्थेच्या प्रमुखानेच तक्रार नोंदवायची. म्हणजे मार खाल्लेल्या पोरीने एकटीने पोलीस ठाण्यात जायचं नाही. हे पाठ करा.

बाकी गोष्टी खर्चिक नाहीत. एका पेशंटबरोबर दोनच पास, आत काम करणाऱ्यांना मागे दुसरं दार, चौकीत वाजणारी घंटा. आणि माणूस गेल्याचं काउंटरवरून सांगायचं नाही. वेगळ्या खोलीत, बसवून, दोघांनी मिळून सांगायचं.

तुमच्यातले दोघं रुग्ण कल्याण समितीवर, म्हणजे रुग्णालयाच्या कारभारात लक्ष घालणाऱ्या समितीवर, आहेत. बोलणाऱ्या माणसाच्या त्या एका जागेचा ठराव मी लिहून आणलाय. जाताना माझ्याकडून घ्या आणि पुढच्या बैठकीत मांडा.